चांदमारीची साक्ष

आपल्याकडे सायलेन्सर म्हटलं की डोळ्यांपुढे मोटरसायकल येते. नाव शांतता राखणाऱ्याचं, पण हौशी पोरं तो मुद्दाम बदलून घेतात, गाडीचा आवाज वाढावा म्हणून. अख्खी गल्ली जागी होते. मग कधीतरी वाहतूक पोलीस असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि पाहणाऱ्याला गंमत वाटते.

मला या शब्दाची गंमत वेगळ्या कारणानं वाटते. मी कवितेच्या वाटेनं चालणारा माणूस. एखाद्या वस्तूचं नाव आणि ती वस्तू प्रत्यक्षात करते ते काम, यांत किती अंतर आहे हे पाहायची मला खोड आहे. सायलेन्सरच्या बाबतीत हे अंतर फार मोठं निघालं. मोटरसायकलच्या नव्हे, बंदुकीच्या सायलेन्सरच्या बाबतीत. सिनेमात आपण पाहतो, मारेकरी पिस्तुलाच्या तोंडावर एक नळी पिळून बसवतो, 'फुस्स' एवढाच आवाज होतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. हे चित्र आपल्या मनात इतकं पक्कं बसलं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. पण चांदमारीच्या मैदानावर माप घेऊन उभं राहिलं की तीच नळी वेगळी साक्ष देते. ती साक्ष नीट ऐकली गेली नाही आणि त्याची किंमत बंदूक चालवणाऱ्या लाखो माणसांच्या कानांनी मोजली. आजची गोष्ट त्या साक्षीची आहे.

गोष्ट बापलेकांपासून सुरू होते. बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. १८४० साली अमेरिकेतल्या मेन राज्यात जन्मलेला हा कल्पक माणूस १८८१ मध्ये युरोपात गेला आणि पुढे लंडनचाच झाला. बंदूक उडाली की ती खांद्याला मागे धक्का देते. त्या फुकट जाणाऱ्या धक्क्याच्या जोरावर पुढची गोळी भरता येईल, हे त्यानं ओळखलं आणि १८८४ च्या सुमारास आपोआप चालणारी मशीनगन उभी केली. मिनिटाला सहाशेच्या आसपास गोळ्या. १८९८ मध्ये सुदानात ओम्दुरमानला तोफा, रायफली आणि या मॅक्सिम गन यांच्यापुढे एका दिवसात सुमारे दहा हजार माणसं पडली. समोरच्या फौजेचे मेले ते पन्नासच्या आत. १९०४ मध्ये हिंदुस्थानातून तिबेटवर गेलेल्या फौजेबरोबरही याच बंदुका होत्या. १९०१ मध्ये मॅक्सिम 'सर' झाला. आणि आयुष्यभर आपल्याच बंदुकांच्या शेजारी उभं राहून म्हातारपणी ठार बहिरा झाला. सोमची भयंकर लढाई थांबल्यावर सहा दिवसांनी, २४ नोव्हेंबर १९१६ रोजी तो वारला. त्या लढाईत दोन्ही बाजूंकडे त्याच्याच बंदुकीच्या वंशातल्या मशीनगन होत्या.

मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. बाप युरोपात गेला तेव्हा तो बारा वर्षांच्या आसपासचा होता. तो अमेरिकेतच वाढला. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेतून १८८६ मध्ये पदवी घेतली तेव्हा त्याला सतरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. पुढे कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला तो मोटारी बनवण्याच्या कामाला लागला. तो काळ घोड्याविना चालणाऱ्या गाड्यांच्या पहिल्या पिढीचा. त्या गाड्या फटफटत जात. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू एकदम हवेत सुटतो म्हणून आवाज होतो, हे त्याला रोजच्या कामातून कळलेलं होतं. बंदुकीच्या नळीतून गोळीमागोमाग सुटणारा वायूही तोच प्रकार. फरक फक्त जोराचा.

त्याला उपाय कसा सुचला, याची हकीकत सांगतात ती अशी. आंघोळीनंतर टबातलं पाणी भोकातून जाताना भोवरा करत, सावकाश जातं, हे त्यानं पाहिलं. वायूलाही असंच गरगर फिरवलं तर तो एकदम न सुटता हळूहळू बाहेर पडेल. बंदुकीच्या तोंडाशी एक डबा, त्यात एकामागून एक पडदे, मधून गोळीपुरती वाट. गोळी सरळ निघून जाते, वायू पडद्यांमध्ये अडकून, फिरून, थोडा थंड होऊन बाहेर येतो. ३० मार्च १९०९ रोजी त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. त्यानं कंपनी काढली. पुढे तीच कंपनी मोटारी, बोटी आणि कारखान्यांची इंजिनं शांत करणारी उपकरणंही बनवू लागली. म्हणजे आपल्या गल्लीतल्या सायलेन्सरचं आणि रायफलच्या सायलेन्सरचं नातं दूरचं नाही. दोन्ही एकाच कारखान्यात बनलेले आहेत.

बापानं बंदूक अखंड बोलती केली आणि मुलगा तिच्या तोंडावर हात ठेवायला निघाला. कुणाही लिहिणाऱ्याला मोहात पाडील अशी ही जोडी आहे. पण मॅक्सिमचा गिऱ्हाईक काही मारेकरी नव्हता. घराच्या अंगणात, गावाबाहेर निशाणबाजी करणाऱ्या माणसानं शेजाऱ्याची झोप मोडू नये, असा तो माल होता. मासिकांत त्याच्या उघड जाहिराती येत. अध्यक्षपद भूषवलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही मॅक्सिम सायलेन्सर लावलेली विंचेस्टर रायफल होती.

लष्करालाही रस वाटला. अमेरिकी सैनिकांच्या हाती तेव्हा १९०३ च्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड रायफल होती. तिच्यावर मॅक्सिमची नळी चढवून चाचण्या सुरू झाल्या. प्रश्न साधे होते. आवाज किती कमी होतो? नेम बिघडतो का? शेकडो गोळ्यांनंतर नळी टिकते का?

पण १९०९ मध्ये आवाज मोजायचा कशानं? मापच नव्हतं. डेसिबल हे एकक अमेरिकेतल्या टेलिफोनच्या प्रयोगशाळेत जन्मलं ते १९२० च्या दशकात. त्याला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचं नाव दिलं गेलं. बेल यांच्या आईला जवळजवळ ऐकू येत नव्हतं आणि बायको लहानपणीच्या तापानं पूर्ण बहिरी झाली होती. ज्याच्या घरातल्या दोन सर्वांत जवळच्या बायकांपर्यंत आवाज पोचत नव्हता, त्याच्या नावानं आज जगभर आवाज मोजला जातो. तर, हे एकक येण्याआधी चाचणी घेणाऱ्याचं यंत्र म्हणजे त्याचा कान. एक जण रायफल झाडणार, दुसरे काही जण वेगवेगळ्या अंतरांवर उभे राहून काय ऐकू आलं ते सांगणार.

या कानांनी पहिली महत्त्वाची गोष्ट सांगितली. गोळीबाराचा आवाज एक नसतो. वायूचा स्फोट हा एक. रायफलच्या कळा-खटक्यांचा हा दुसरा. आणि तिसरा खुद्द गोळीचा. स्प्रिंगफील्डची गोळी तोंडाशी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं निघे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. आवाजाच्या पुढे पळणारी वस्तू हवा चिरत जाते आणि वाटभर चाबूक ओढल्यासारखा कडाका उठवते. ऑस्ट्रियातले अर्न्स्ट माख आणि पेटर साल्खर यांनी १८८६-८७ मध्ये पळत्या गोळीभोवतीच्या या लाटेचं छायाचित्रच काढून दाखवलं होतं. आता पाहा, तोंडाशी बसवलेली नळी ही लाट कशी थांबवणार? गोळी नळीतून सुटून पुढे गेली की नळीचं राज्य संपलं. म्हणजे वेगवान रायफलच्या बाबतीत 'सायलेन्सर' हे नाव पहिल्या दिवसापासून खोटं होतं.

आपले नेमबाज हेच उलट्या बाजूनं जाणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातल्या पॉइंट टू-टू रायफलच्या स्पर्धेच्या गोळ्या मुद्दामच आवाजाच्या वेगापेक्षा किंचित हळू ठेवलेल्या असतात. तिथं कारण नेमाचं असतं. ध्वनीची वेस ओलांडताना-उतरताना गोळी डगमगते, म्हणून ती वेस ओलांडूच द्यायची नाही.

आता नेमाकडे येऊ. रायफलच्या नळीच्या टोकाला काहीही टांगलं की नेम बदलतो. कारण गोळी सुटताना लोखंडाची ती नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते, आणि टोकावरचं वजन त्या थरथरीची लय बदलतं. चांदमारीवर हे तपासायची रीत सोपी आहे. त्याच रायफलनं, त्याच दारूगोळ्यानं, आधी नळीशिवाय पाच किंवा दहा गोळ्या एका निशाणावर मारायच्या, मग नळी चढवून तितक्याच. कागदावर दोन पुंजके दिसतात. इथं दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात आणि अनाडी माणूस ते एकच समजतो. पुंजका पसरला का, हा पहिला. पुंजका सरकला का, हा दुसरा. पसरला तर नेम बिघडला. नुसता सरकला तर नेम बिघडलेला नाही, त्याचा पत्ता बदलला आहे. दर्शक फिरवून तो दुरुस्त करता येतो. मात्र नळी काढून पुन्हा चढवली तरी पुंजका त्याच नव्या पत्त्यावर पडला पाहिजे. नाहीतर ती नळी भरवशाची नाही. आणि नळी केसभर जरी तिरकी बसली तर गोळी आतल्या पडद्यांना घासते. तिथं नेमाचा नव्हे, जिवाचा प्रश्न येतो.

या चाचण्यांत आणखी एक मजेशीर बाब समोर आली. कित्येकदा नळी लावल्यावर नेम सुधारलाच. पण तो कुणाचा? रायफलचा की माणसाचा? नवशिका रंगरूट स्फोटाच्या धास्तीनं घोडा दाबायच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा आखडतो. आवाज आणि धक्का कमी झाला की ही धास्ती कमी होते. म्हणून रायफलचा खरा स्वभाव पाहायचा तर ती खांद्यावर न घेता टेकूवर घट्ट बसवून पाहावी लागते.

लष्करातल्या नेमबाजीच्या शिक्षकांनी त्या काळी मॅक्सिमच्या नळीच्या बाजूनं जे मुद्दे मांडले ते असे. रंगरूट दचकत नाहीत. गोळीबार चालू असतानाही हुकूम ऐकू येतो. तोंडाशी ज्वाळा दिसत नाही. गोळीचा कडाका राहतो, पण गोळी आली कुठून हे समोरच्याला कळत नाही. पण नळी लावली की नेहमीची संगीन चढत नाही, सलग गोळीबारात ती तापते आणि लांब रायफल आणखी लांब होते. लष्करानं मोजक्या नळ्या घेतल्या आणि विषय मागे पडला. 'ऐकू येतं' हा मुद्दा कागदावर राहिला. कान ही जपायची गोष्ट आहे, असं तेव्हाच्या फौजांत कुणी मानत नव्हतं. तोफखान्यातला जुना माणूस बहिरा असायचाच, अशी रीतच होती.

मग काळ बदलला. दारूबंदीच्या वर्षांत अमेरिकेतल्या टोळ्यांनी मशीनगन रस्त्यावर आणली. त्या दहशतीत १९३४ चा राष्ट्रीय अग्निशस्त्र कायदा आला आणि मशीनगनच्याच यादीत सायलेन्सरही जाऊन बसला. प्रत्येक खरेदीवर २०० डॉलर कर. तो नळीच्या किमतीच्या कित्येक पट होता. बापाचा शोध आणि मुलाचा शोध एकाच कलमाखाली आले. आपल्याकडेही १९६२ च्या शस्त्र नियमांनी आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी साधनं अनुसूचीच्या पहिल्याच वर्गात, प्रतिबंधित शस्त्रांच्या पंगतीला ठेवली.

या भीतीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी खरोखर शांत बंदुका बनवल्या. डी लाइल कार्बाइन ही त्यांपैकी एक. तिचा सांगाडा ली-एनफिल्डचा, म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीचा. पण गोळी पिस्तुलाची, जाड आणि आवाजाच्या वेगापेक्षा बरीच हळू. कडाका नाही, वायू मोठ्या नळीत कोंडलेला आणि हातानं चालवायचा खटका. तिच्या शोधकानं सुरुवातीचा नमुना लंडनमधल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरून थेम्स नदीच्या दिशेनं झाडून पाहिला. खालच्या रस्त्यावरच्या माणसांना काही कळतं का, हीच चाचणी होती. कुणी मान वर केली नाही. पण अशी बंदूक मोजक्या अंतरापुरतीच कामाची. हळू गोळी लांब जात नाही. शांतता हवी तर वेग सोडावा लागतो, हा सौदा चुकत नाही. सिनेमानं मात्र शांतता घेतली आणि सौदा सांगितला नाही.

आज चांदमारीवरची चाचणी कानावर सोडलेली नाही. अमेरिकी लष्कराच्या मानकानुसार मायक्रोफोन रायफलच्या तोंडापासून एक मीटर डावीकडे, जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर धरतात. क्षणात उठून विरणारा आवाज पकडू शकेल इतकं चपळ यंत्र लागतं. साध्या मापकाला बंदुकीचा शिखरबिंदू सापडतच नाही. नळीशिवाय रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या आसपास भरतो. चांगली नळी त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करते. आकडा छोटा वाटतो, पण डेसिबलचा हिशेब बेरजेचा नाही. दहानं उतरणं म्हणजे ऊर्जा एक दशांश होणं. तीसनं उतरणं म्हणजे एक हजारांश. तरीही खाली उरतात ते सुमारे १३० डेसिबल. रुग्णवाहिकेचा भोंगा कानाशी लावावा, त्याहून मोठा आवाज. असल्या क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेघ मानली जाते. नळी फार तर त्या रेघेच्या अलीकडे आणून सोडते. म्हणून जाणते लोक नळी लावूनही कानांवर संरक्षण चढवतात.

चाचणीत आणखीही खोडी उघड्या पडतात. पहिली गोळी नेहमी जास्त वाजते, कारण नळीत आधीची हवा असते आणि तिच्यातल्या प्राणवायूमुळे तापलेले वायू आतच पेट घेतात. आपोआप भरणाऱ्या रायफलीत कोंडलेला वायू उलटा फिरून नेमबाजाच्या तोंडावर येतो. काही फैरींनंतर तापलेल्या नळीवरची हवा लवलवते आणि दुर्बिणीतून निशाण नाचताना दिसतं, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसतं तसं.

या मापांच्या आधारावर आता फौजांची मतं बदलली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअरनं आपल्या पायदळाला सरसकट अशा नळ्या देत असल्याचं जाहीर केलं. २०२२ मध्ये तिथल्या लष्करानं निवडलेली नवी रायफल नळीसकटच आली. कारणं विचाराल तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचीच. हुकूम ऐकू यावा, जागा कळू नये, आणि आता उघडपणे सांगितलेलं एक, कान वाचावेत. अमेरिकेच्या माजी सैनिकांत सेवेमुळे आलेलं सर्वाधिक आढळणारं अपंगत्व म्हणजे कानात कायम वाजत राहणारी शिटी. युद्ध संपतं, ती शिटी संपत नाही. २०० डॉलरचा तो करही २०२५ च्या कायद्यानं रद्द ठरवून १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणीची अट मात्र राहिली.

ही अट राहावी असंच मला वाटतं. बंदुकीचा आवाज ही ऐकणाऱ्यासाठी सूचना असते. गावाबाहेर बार उडाला की माणसं दार उघडून पाहतात, पोरांना घरात घेतात. त्यांचा हा ऐकण्याचा हक्क आणि बंदूक चालवायची नोकरी करणाऱ्याचा कान शाबूत ठेवण्याचा हक्क, दोन्ही खरे आहेत. त्यांचा न्याय सिनेमातल्या 'फुस्स'वरून करता येत नाही. मायक्रोफोन कुठे ठेवला होता आणि त्यावर किती भरलं, हे विचारावं लागतं. जाणकार आता 'सायलेन्सर' हा शब्दच टाळतात आणि 'सप्रेसर' म्हणतात, म्हणजे दाबणारा, मिटवणारा नव्हे. नाव मापाजवळ यायला इतका काळ लागला.

हायरम पर्सी मॅक्सिमबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. १९१४ च्या एप्रिलमध्ये एका रात्री तो हार्टफर्डहून बिनतारी यंत्रावर सुमारे तीस मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला निरोप पाठवत होता. निरोप पोचेना. मग त्यानं वाटेतल्या विंडसर लॉक्स गावच्या एका हौशी बिनतारीवाल्याला तो पुढे द्यायला सांगितलं आणि निरोप पोचला. त्यातून त्याच वर्षी अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी राहिली, एकानं दुसऱ्याचा आवाज पुढे नेण्यासाठी. बंदुकीच्या सायलेन्सरचा धंदा त्याच्या कंपनीनं पुढे सोडून दिला. १९३६ मध्ये तो वारला. त्याच्या स्मरणार्थ त्याच्याच संकेतनावावरून नाव घेतलेलं त्या संघटनेचं केंद्र कनेक्टिकटमधल्या न्यूइंग्टन गावातून आजही प्रक्षेपण करतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)